फाईल आतापासूनच लावा

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी, गल्लीतल्या रिक्षावाल्याचा मुलगा, शेतावर राबणाऱ्या घरातलं कुणी अकरावी-बारावी सायन्सला आहे? डॉक्टर व्हायचं म्हणतंय? मग तुमची गरज आहे. फिजिक्स शिकवता येत नसलं तरी चालेल. अभ्यास ती पोरं करतात. अडतं ते कागदांवर.

आधी जातीचं बघा. राखीव जागेसाठी नुसता दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. बारावीत असतानाच कॉलेजमार्फत त्याचा अर्ज करता येतो. निकालानंतर धावाधाव केली तर प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत प्रवेशाची तारीख उलटलेली असते. या कामाला वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला मागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावच्या जुन्या महसुली नोंदी, जन्म-मृत्यूच्या नोंदी काढाव्या लागतात. त्यात महिने जातात, आणि प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. एखादी खेप तुम्ही सोबत मारा. शिकलेलं माणूस बरोबर दिसलं की खिडकीपलीकडचा आवाजही जरा खाली येतो. वाईट आहे, पण आहे.

ओबीसी, भटक्या-विमुक्तांच्या मुलांना नॉन-क्रिमीलेअरही लागतं. त्यावरची मुदत वाचा. ती बहुधा ३१ मार्चला संपते. अधिवासाचा दाखला काढून ठेवा. आधार आणि दहावीच्या मार्कशीटवर नाव एकसारखं आहे ना, तेही आजच ताडून पाहा.

नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा, फॉर्म भरताना जवळ बसा. मोबाईल नंबर घरचाच द्यायचा, नेट कॅफेवाल्याचा नाही. पुढचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात. पासवर्ड वहीत लिहून ठेवायला सांगा. पेपर मराठीतही मिळतो, पण भाषा फॉर्म भरतानाच निवडावी लागते.

नीट दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं पुष्कळ घरांना वाटतं. तसं नाही. आपल्या सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागांसाठी राज्याच्या सीईटी सेलकडे वेगळा अर्ज करायचा. देशपातळीवरच्या १५ टक्के जागांसाठी दिल्लीच्या समितीकडे आणखी एक. दोन्ही ठिकाणी कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. पोस्टाने पत्र येत नाही. सूचना वेबसाइटवर लागते आणि मुदत मोजक्या दिवसांची असते. त्या काळात रोज संध्याकाळी तुमच्या फोनवर वेबसाइट उघडून बघा.

फोन येतात ते एजंटांचे. ‘सरकारी सीट करून देतो, ॲडव्हान्स पाठवा.’ सरकारी जागा मेरिटनेच मिळते. त्या घराला हे दोनदा सांगा, कारण शेत गहाण टाकायला आई-बाप लगेच तयार होतात.

फीला घाबरून कुणी मागे हटत असेल तर थांबवा. अनुसूचित जाती-जमातींसाठी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्ती आहे. २०२४ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार भरतं. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा. अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही, म्हणून पसंतीक्रम भरताना नीट बघा. शिष्यवृत्तीचे पैसे मात्र उशिरा येतात. गाडीभाडं, मेस, पुस्तकं, ॲप्रन यांचा पहिल्या काही महिन्यांचा खर्च गल्लीने वाटून घेतला तर कुणालाच जड जात नाही.

पहिल्यांदा मार्क कमी पडले तर आई-बापांशी जाऊन बोला, विशेषतः मुलगी असेल तर. लगेच स्थळं बघू नका म्हणावं. नीट पुन्हा देता येते, कितीदाही. तुमचा शब्द ते ऐकतील.

आणि त्या घरात नुकतंच दहावी झालेलं धाकटं भावंड असेल, तर महाज्योती या सरकारी संस्थेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना तिथे नीटचं मोफत ऑनलाइन शिक्षण आणि टॅब मिळतो.