औषध म्हणे!

शब्द शिकवणे हा माझा पोटाचा धंदा. म्हणून एका शब्दाविषयी तक्रार करतो. तो शब्द ‘औषध’. खोकल्याचे औषध, तापाचे औषध, हे ठीक. पण ढेकणांचे औषध, उंदरांचे औषध आणि कपाशीवर मारायचे औषधही! जहर ते जहर, आणि नाव मात्र धन्वंतरीच्या घरचे.

या नावाने माणूस गाफील राहतो. वर्धा नदीच्या अलीकडे आमचा चंद्रपूर जिल्हा, पलीकडे यवतमाळ. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. कोणी काही प्यायले नव्हते. उंच वाढलेल्या कपाशीतून फवारा तोंडावर येई, सदरा भिजे आणि विष कातडीतून व श्वासातून अंगात उतरे. मोनोक्रोटोफॉससारखे द्रव्य मज्जातंतूंचा कारभारच बिघडवते. घाम सुटतो, लाळ गळते, नजर धूसर होते. पुढे श्वास कोंडतो.

सरकारने इशारा दिलेला नाही असे नाही. 1971 च्या नियमांनुसार प्रत्येक डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचे चिन्ह असते. त्याच्या खालच्या अर्ध्यात लाल रंग असला तर विष सर्वांत जहाल. मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नये. तेही विषच, जरा सौम्य, इतकेच.

वाचकहो, तुम्ही शहरात राहता; पण पुष्कळांची गावाकडे चार एकर जमीन आहे आणि ती कसणारा गडी आहे. फवारणीचा डबा घ्यायला पैसे पाठवता, तेव्हा हातमोजे, तोंडपट्टी आणि चष्मा यांचेही पाठवता का? वाऱ्याकडे पाठ करून फवार, फवारणीनंतर साबणाने अंघोळ कर, भिजलेले कपडे लगेच बदल, हे त्याला सांगता का? चक्कर आली तर त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे, आणि डबाही सोबत न्यावा. डॉक्टरांना त्यावरून विष कोणते ते कळते.

आणि दिवाळीसाठी घर आवरताना फळीवर सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलेले ‘औषध’ सापडले, तर आता तरी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. मुले तेच नाव शिकतील.