‘केर्वान योल्दा द्यूझ्यूल्यूर’: तुर्कांची ही म्हण यवतमाळच्या तांड्यांना लागू होते का?

मोबाईलवर तुर्की मालिका पाहून दोन-चार तुर्की शब्द तोंडात बसलेले तरुण आता आपल्याकडेही भेटतात. ‘मेरहबा’ म्हणजे नमस्कार, ‘इयी योल्जुलुक्लार’ म्हणजे प्रवास सुखाचा होवो, एवढं त्यांना पाठ असतं. पण प्रवासावरची जी म्हण तुर्कस्तानात घरापासून ऑफिसपर्यंत सगळीकडे कानावर पडते, ती वेगळीच आहे: ‘केर्वान योल्दा द्यूझ्यूल्यूर’. ती बोलताना प्रवासाचा काही संबंध असेलच असं नाही. ही म्हण यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाने समजून घेण्यासारखी आहे. का, ते पाहू.

शब्दांचा अर्थ काय?

‘केर्वान’ हा मूळ फारसी शब्द. हिंदी गाण्यांमुळे ‘कारवाँ’ म्हणून तो आपल्या ओळखीचा आहे. ‘योल’ म्हणजे वाट. त्याला ‘दा’ जोडला की ‘योल्दा’, म्हणजे वाटेत. मराठीत आपण ‘वाट’ला ‘त’ लावतो, तुर्कीत ‘योल’ला ‘दा’ लावतात. दोन्ही भाषांत प्रत्यय शब्दाच्या मागेच येतो, त्यामुळे मराठी माणसाला हे पटकन उमगतं. ‘द्यूझ्यूल्यूर’ म्हणजे रचला जातो, रांगेला लागतो. हे रूप एकदाच घडलेल्या गोष्टीसाठी नाही, नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी आहे.

पूर्ण अर्थ असा: कारवाँ वाटेतच रांगेला लागतो. आधी निघा, नीटनेटकं पुढे होत राहील.

एक सूचना. यातल्या क्रियापदाला तुर्की बोलीत अश्लील अर्थही आहे. म्हण पूर्ण म्हटली तर काही अडचण नाही, पण नुसतं क्रियापद सुटं वापरायला जाऊ नका.

कुठे वापरतात?

लग्न झालंय पण घरात फर्निचर नाही, अशा जोडप्याला वडीलधारी माणसं ही म्हण ऐकवतात. भांडवल थोडं आहे, पण दुकान उघडायचंय, असा माणूस ती स्वतःलाच ऐकवतो. ॲप आधी बाजारात सोडायचं आणि चुका नंतर दुरुस्त करायच्या, ही पद्धत आम्हा इंजिनीअरिंगवाल्यांना चांगली माहीत आहे. तिचं वर्णनही या एका ओळीत होतं.

पण हीच म्हण टोमणा म्हणूनही वापरतात. एखादं सरकारी काम तयारीविना सुरू झालं आणि मध्येच रखडलं, की ‘केर्वान योल्दा द्यूझ्यूल्यूर’वाली विचारसरणी म्हणून लोक नाक मुरडतात.

मराठीत या दोन अर्थांसाठी आपल्याकडे दोन वेगळ्या म्हणी आहेत. धीर द्यायचा असेल तर आपण म्हणतो, पाण्यात पडलं की पोहता येतं. नावं ठेवायची असतील तर म्हणतो, तहान लागल्यावर विहीर खणायला निघाले. तुर्कीत दोन्ही कामं एकच म्हण करते. अर्थ ठरतो तो बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावर.

यवतमाळशी संबंध काय?

कारवाँला आपला शब्द आहे ‘तांडा’. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव या तालुक्यांत तांडा म्हणजे बंजारा समाजाची वस्ती. मूळ अर्थ मात्र चालता काफिला. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरणारा. त्या व्यापाराला ‘लदेणी’ म्हणत. लवण म्हणजे मीठ, त्यावरून ‘लमाण’ नाव पडलं, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते.

सतराव्या शतकात भारतात आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांचे असे काफिले वाटेत पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. मुघल फौजांना धान्य बंजारे पुरवत. पुढे इंग्रजांच्या दख्खनमधल्या फौजाही त्यांच्यावर विसंबून होत्या. रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि लदेणी संपली. तांडा थांबला, त्याचं गाव झालं, नाव मात्र तांडाच राहिलं. पुसदजवळच्या गहुली गावात 1913 मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक 1963 ते 1975 या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते, ते याच समाजाचे.

म्हणजे या म्हणीचं यवतमाळी भाषांतर होईल: तांडा वाटेतच लागतो.

पण तो खरंच वाटेत लागायचा का?

इथे म्हणीतला न बोललेला भाग लक्षात घ्यायला हवा. तुर्कस्तानात सेल्जुक सुलतानांनी व्यापारी वाटांवर साधारण एकेक दिवसाच्या मजलेवर सराया बांधल्या. अक्सरायजवळची 1229 मधली ‘सुलतान हान’ आजही उभी आहे. जाड दगडी भिंती, जनावरांना निवारा, माणसांना खोल्या, मधोमध छोटी मशीद. अशा सरायांत प्रवाशाला तीन दिवसांपर्यंत फुकट राहता येई. कारवाँ वाटेत रांगेला लागायचा, कारण वाटेवर सराय असायची.

आपल्या तांड्याचंही तसंच. प्रत्येक तांड्याला नाईक असे. मुक्काम कुठे, पाणी कुठे, चराई कुठे, हे तो बघे. पावसाळ्यात बैल चिखलात रुतणार, म्हणून चार महिने मुक्काम पडे. वरवर भटकंती दिसली, तरी तिच्यामागे पक्की व्यवस्था होती.

म्हणून माझं मत असं की ही म्हण अर्धीच सांगितली जाते. पूर्ण म्हण अशी हवी: वाटेवर सराय असेल, तर कारवाँ वाटेत लागतो.

आजचा तांडा कुठे निघालाय?

दिवाळी आटोपली की जिल्ह्यातल्या अनेक तांड्यांवर घरांना कुलपं लागतात. कुणी ऊसतोडीला जातं, कुणी वीटभट्टीवर, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत परतायची सोय नसते. पोरं सोबत जातात किंवा म्हाताऱ्यांकडे राहतात.

या प्रवासाबद्दल आपण काय म्हणतो? जातात दरवर्षी, होतं त्यांचं कसंतरी. म्हणजे तीच म्हण, पण सराय काढून घेतलेली. त्याचा हिशेब 2020 मध्ये सगळ्यांना दिसला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि हैदराबादकडून उत्तरेला निघालेले मजूर पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 ने पायी चालत होते. कारवाँ रस्त्यावर होता, सराय नव्हती.

मग आजची सराय कोणती?

दगडी इमारत नको. कागदावर बरंच काही आहे. ‘वन नेशन वन रेशन कार्ड’मुळे दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही धान्य उचलता येतं. 2019 मध्ये याची सुरुवात ज्या राज्यांपासून झाली, त्यांत महाराष्ट्र होता. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी 2021 पासून ई-श्रम पोर्टल आहे. आईबाप बाहेर गेले तरी मुलांना गावातच राहून शिकता यावं, म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे.

प्रश्न वेळेचा आहे. वसतिगृह तांडा निघण्याआधी उघडलं, तर पोर शाळेत राहतं. निघाल्यावर उघडलं, तर ते फडात पोहोचलेलं असतं. रेशन दुसरीकडे मिळतं, हे कोयत्याला निघण्याआधी कुणी सांगितलं, तरच त्या कार्डाचा उपयोग. ही कामं वाटेत होणारी नाहीत. ती दसऱ्याच्या आत ग्रामपंचायत, शाळा आणि तहसील यांनी करायची आहेत.

कुणी म्हणेल, सगळी तयारी होईपर्यंत थांबलं तर पोट कसं भरणार? बरोबर आहे. निघणाऱ्याला थांबणं परवडत नाही, म्हणून तर तो ही म्हण मनाशी म्हणतो आणि निघतो. त्याच्या तोंडी ती हिंमत आहे. योजना राबवणाऱ्याच्या तोंडी तीच म्हण पळवाट ठरते.

तुर्की शिकणाऱ्यांनी ही म्हण जरूर पाठ करावी. उच्चार अवघड वाटला तर तुकडे करून म्हणा: केर्वान, योल्दा, द्यूझ्यूल्यूर. आणि पुढच्या वेळी कुणी ‘होईल वाटेत’ म्हणालं, तर एवढंच विचारा: वाटेवर काय काय ठेवलंय?