मार्गोपहत वल्कले आणि महामार्गाचे वृक्षारोपण

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात ग्राह्य औषधी कशाकशाने उपहत झालेली नसावी याची एक यादीच दिली आहे. कृमी, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी, पाणी, दाटी आणि यादीच्या अखेरीस मार्ग. विद्यार्थिदशेत हा अध्याय आपण सर्वांनीच पाठ केला. त्यातील ‘मार्ग’ या शब्दापाशी मात्र मी कधी थांबलो नाही. पायदळी तुडविली गेलेली वनस्पती घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ मनाशी धरला होता. तो शब्द मला पुन्हा वाचावा लागला तो माझ्याच चुकीमुळे.

आमच्या तालुक्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण सुरू झाले, त्या वर्षीची ही गोष्ट आहे. दुतर्फा असलेले जुने वड, पिंपळ आणि उंबर तोडले गेले. वडाच्या लाकडाला बाजारात किंमत ती काय! साल मात्र एका व्यापाऱ्याने गोळा केली आणि पंचवल्कलासाठी म्हणून तीन पोती माझ्या औषधशाळेत आणून टाकली. साल जून, जाड व उत्तम वाळलेली होती आणि दर नेहमीपेक्षा पुष्कळच कमी होता. कोठून आणली हे त्याने लपविले नाही. मीही आक्षेप घेतला नाही. उलट, नाहीतरी जळून गेली असती, ती औषधाला लागली, असे समाधानच वाटले. पुढे एका पुरवठ्याच्या निविदेसाठी प्रयोगशाळेचा अहवाल हवा होता म्हणून नमुना पाठविला, तेव्हा शिसे मर्यादेपेक्षा अधिक निघाले. आयुर्वेदीय फार्माकोपियाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग आहे, हे वाचकांस सांगावयास नकोच. तोवर त्याच पोत्यांतील भरड पाच-सहा रुग्णांना दिली गेली होती. बहुतेकांना ती व्रणधावनासाठी दिली होती. एकाने मात्र मुखपाकासाठी तिच्या क्वाथाचे गंडूष केले होते. उरलेले चूर्ण परत मागविले. त्या रुग्णास काही अपाय झाला नाही, पण त्याच्या घरी जाऊन हे सांगताना जी मान खाली गेली ती मला आठवते.

हे शिसे आले कोठून? भारतात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले ते २००० साली. त्यापूर्वी कित्येक दशके धुराड्यांतून बाहेर पडलेले शिसे रस्त्याकडेच्या मातीत आणि जुन्या झाडांच्या खडबडीत सालीत साठत गेले. माती शिसे सहजासहजी सोडीत नाही. त्यात टायर झिजून निघणारे जस्त आणि ब्रेकच्या धुळीतील तांबे यांची भर आजही पडतेच. हे प्रदूषण रस्त्याच्या कडेला लागून सर्वाधिक असते व जसजसे दूर जावे तसतसे झपाट्याने कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली औषधी वनस्पतींच्या लागवड व संकलनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीतही रस्त्याच्या कडेने संकलन करू नये असे सांगितले आहे. सुश्रुताच्या यादीतील शेवटचा शब्द असा पुन्हा आपल्यासमोर आला.

म्हणूनच महामार्गांच्या दुतर्फा औषधी वनस्पती लावाव्यात, म्हणजे कच्च्या मालाचा तुटवडा दूर होईल, ही आपल्या व्यासपीठांवरून वारंवार मांडली जाणारी सूचना मला मान्य नाही. ती मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे. अशोक, अर्जुन, बिल्व यांचा खात्रीचा माल मिळविताना औषधशाळांच्या चालकांची काय दमछाक होते ते मी जाणतो. तथापि ज्या मालाला आपण उद्या प्रयोगशाळेत नापास करणार, तोच आज शासनाकडे मागावयाचा, हे विसंगत आहे. २००६ सालापासून निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी बंधनकारक झाली, तीही परदेशांत आपल्या औषधांतील शिसे-पाऱ्याचा गाजावाजा झाल्यानंतरच, हे विस्मरणात जाऊ नये.

मग रस्त्याकडेच्या झाडांशी आपला संबंधच नाही काय? मला नेमके उलटे वाटते. त्या झाडांची साल आपल्याला नको असली तरी ती झाडे उभी हवीत. रस्ते बांधणाऱ्या शासकीय यंत्रणांच्या पर्यावरण विभागांचे काम कसे चालते, हे आपण समजून घ्यावयास हवे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे हरित महामार्ग धोरण २०१५ साली आले. प्रकल्पखर्चाच्या १ टक्का रक्कम वृक्षारोपण व त्याची निगा यांसाठी राखून ठेवावी, असे त्यात ठरविले आहे. २०२० साली राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने ‘हरित पथ’ हे मोबाइल ॲप सुरू केले. त्यात रोपाचे स्थान, जात व वाढ यांची नोंद होते. म्हणजे पैसा आहे आणि नोंदीचे साधनही आहे. उणीव आहे ती जाणकार डोळ्यांची, आणि त्यांना विचारण्याच्या वेळेची.

वेळेविषयी आधी सांगतो. पर्यावरणीय मंजुरीचा २००६ सालचा नियम व त्यातील २०१३ सालची दुरुस्ती यांनुसार, राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण १०० किलोमीटरहून अधिक लांबीचे असेल आणि अस्तित्वातील मार्गावर ४० मीटरहून अधिक जादा रुंदी लागणार असेल, तरच मंजुरी घ्यावी लागते. तीस-चाळीस किलोमीटरच्या कामांत हा प्रश्नच उद्भवत नाही. उरते ती वृक्षतोडीची परवानगी, आणि तिच्यापर्यंत विषय येतो तेव्हा रस्त्याची मध्यरेषा नकाशावर पक्की झालेली असते. पर्यावरणाचा अधिकारी त्यानंतर झाडे वाचवू शकत नाही, मोजू शकतो. आराखडा बदलता येतच नाही असे मात्र नाही. रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या कामात सांगली जिल्ह्यातील भोसे येथील जुन्या वटवृक्षासाठी २०२० साली आराखड्यात बदल करण्यात आला. त्या वृक्षाचे पुढे काय झाले हा निराळा विषय. रेषा सरकू शकते एवढे त्यावरून दिसले. पण त्यासाठी ग्रामस्थांना व वृक्षप्रेमींना आंदोलन करावे लागले. तेच काम सर्वेक्षणाच्या टप्प्यावर एका टिपणाने व्हावयास हवे.

महाराष्ट्रात २०२१ साली नागरी वृक्ष कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या झाडास वारसा वृक्ष मानले गेले. ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी, सहा ते आठ फूट उंचीची झाडे लावून ती सात वर्षे सांभाळण्याचे बंधन आले. तरतूद चांगली आहे, परंतु ती नागरी क्षेत्रापुरती आहे. महामार्गावरील शंभर वर्षांचे बहुतेक वड नगरपालिकेच्या हद्दीबाहेर उभे असतात.

आता डोळ्यांविषयी. भरपाईच्या लागवडीच्या यादीत ‘अशोक’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात जागेवर उंच, सरळसोट वाढणारा आसुपालव असतो. आपल्या कच्च्या मालाच्या बाजारात सीता-अशोकाच्या नावाखाली हीच साल खपते. शासकीय यादीतील एक ढोबळ नाव दहा वर्षांनी भेसळीला आयतेच प्रमाणपत्र देऊ शकते. दुभाजकात सर्रास कण्हेर दिसते. गुरे तिला तोंड लावीत नाहीत, पाणी कमी लागते आणि समोरच्या दिव्यांची तिरीप अडते. या दृष्टीने निवड योग्यच आहे. फक्त ‘औषधी वनस्पतींची लागवड’ या सदरात तिचा आकडा धरताना, हे उपविष आहे, हे कोणी तरी सांगितले पाहिजे.

माझी सूचना अशी की, भरपाईच्या लागवडीपैकी औषधी जातींचा वाटा रस्त्याच्या कडेला नसावाच. तो गायरान, पाझर तलावाचे काठ, देवराईलगतची जमीन अशा ठिकाणी, वाहतुकीपासून दूर असावा. रस्त्याकडेला सावली देणारी, धूळ अडविणारी, दीर्घायुषी झाडे असावीत आणि त्यांवर साल काढण्यास बंदी असावी. कंत्राटदाराचे देयक खड्ड्यांच्या संख्येवर न निघता तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेल्या रोपांवर निघावे. पहिल्या पावसाळ्यात हिरवे दिसणारे रोप दुसऱ्या वैशाखात कसे असते, हे रोज त्या रस्त्याने दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

यावर, आम्ही वैद्यांनी रुग्ण पाहावेत की झाडे मोजावीत, असे आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणात वायू, उदक, देश आणि काल यांच्या वैगुण्याचा विचार वैद्याकडेच सोपविला आहे, हे उत्तर मी त्यांना दिले. पण त्यांचे समाधान झाल्याचे दिसले नाही. असो.

आमच्याकडील रस्त्याच्या पुढील टप्प्याचे सर्वेक्षण सुरू आहे. संबंधित कार्यालयात अर्ज करून वृक्षगणनेची यादी मिळविली. तीत खोडाचा घेर अचूक होता. जातीच्या रकान्यात मात्र जवळजवळ प्रत्येक पानावर ‘इतर’ असे लिहिलेले होते. द्रव्यगुणाचे एक अध्यापक आणि मी असे दोघांनी दोन रविवार पायी फिरून तो रकाना भरला. ‘इतर’मध्ये करंज, शिरीष, बेहडा, पारसा पिंपळ आणि एका ओढ्याच्या पुलाजवळ प्लक्षाची, म्हणजे पिंपरीची, तीन मोठी झाडे निघाली. यादी कार्यालयात दिली. तेथील अधिकाऱ्यांनी ती बारकाईने वाचली आणि पुलाजवळचा रस्ता दुसऱ्या अंगाने वाढविता येईल काय हे अभियंत्यांना विचारतो, असे सांगितले. लगेच त्यांनी मलाही एक प्रश्न केला : भरपाईच्या लागवडीत प्लक्ष घ्यावयाचे ठरले, तर सहा फुटी रोपे मिळणार कोठे? शासकीय रोपवाटिकेत मला ती मिळाली नाहीत. वाचकांपैकी कोणाकडे शेताच्या बांधावर रस्त्यापासून दूर असलेले, जातीची खात्री असलेले झाड असेल, तर फांद्यांची कलमे करण्यासाठी येत्या पावसाळ्यापूर्वी कळवावे.