मांडणी जपा, नोंदीसकट



नवा लॅपटॉप घरी आला की पहिले दोन दिवस तो आपल्या हाताला बसवण्यातच जातात. बेळगाव-निपाणी भागात तर हे काम जरा जास्तच. आपल्याला एकाच यंत्रावर इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशा तिन्ही भाषा टाइप करायच्या असतात. शिवाय फॉन्ट, टर्मिनल, एडिटर आहेतच. पुढे शिक्षण-नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला गेलो, यंत्र बदलले, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

ही सारी मांडणी प्रत्यक्षात साध्या मजकुराच्या छोट्या फाइलींत असते. लिनक्स आणि मॅकवर त्यांतल्या बऱ्याच फाइलींचे नाव टिंबाने सुरू होते, म्हणून त्यांना ‘डॉटफाइल्स’ म्हणतात. टिंबामुळे त्या नेहमीच्या यादीत दिसत नाहीत आणि फोटो, प्रोजेक्ट यांचा बॅकअप घेताना नेमक्या मागे राहतात.

त्यांत काय असते? लिनक्सवर इंग्रजी, मराठी, कन्नड असे तीन कीबोर्ड एका ओळीत लावता येतात. त्यात ‘कगप’ नावाची मराठी मांडणीही मिळते. हे नाव ‘कन्नड गणक परिषद’ या संस्थेच्या आद्याक्षरांवरून आले आहे. कन्नडसाठी केलेली सोय मराठीलाही उपयोगी पडली! लिब्रेऑफिसमध्ये आपण शिकवलेले शब्दही अशाच एका फाइलीत साठतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथल्या साहित्य संमेलनांच्या पत्रिका तुम्ही करत असाल, तर गावांच्या आणि आडनावांच्या खालची लाल रेघ घालवायला लागलेली मेहनत त्या फाइलीत आहे.

पेनड्राइव्हवर नक्कल ठेवली तर फक्त आजची स्थिती राहते. सातबारा उताऱ्याचेही तसेच असते. जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते उतारा दाखवतो, पण ते नाव कधी आणि कशामुळे लागले हे फेरफार नोंदीवरून कळते. संगणकावर हे काम ‘गिट’ करते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते लिनक्सच्या विकासासाठी लिहिले. परवा केलेल्या बदलाने कीबोर्ड बिघडला, तर कोणती ओळ बदलली ते पाहून मागे जाता येते.

करायचे असे. ‘डॉटफाइल्स’ नावाचा फोल्डर करून त्यात ‘गिट इनिट’ द्या. हव्या त्या फाइली तिथे हलवा आणि मूळ जागी त्यांचे दुवे म्हणजे सिमलिंक ठेवा. ‘स्टो’ नावाचे मोफत साधन हे दुवे आपोआप जोडते. प्रत्येक बदलानंतर कमिट करा आणि कारण एका ओळीत लिहा, मराठीत लिहिले तरी चालते. मग गिटहब किंवा गिटलॅबवर खासगी रेपो उघडून पुश करा. नव्या यंत्रावर गिट आणि स्टो बसवा, रेपो क्लोन करा, स्टो चालवा. विंडोजवाल्यांनी व्हीएस कोडच्या सेटिंग्ज फाइलीपासून सुरुवात करावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. पासवर्ड, एपीआय टोकन आणि ‘डॉट एसएसएच’ फोल्डरमधल्या खासगी किल्ल्या या रेपोत कधीही टाकू नका, रेपो खासगी असला तरी. नंतर फाइल पुसली तरी जुन्या नोंदीत ती तशीच राहते, कारण इतिहास जपणे हेच तर गिटचे काम! चुकून गेलीच, तर फाइल पुसून थांबू नका. ती किल्ली किंवा टोकन लगेच रद्द करून नवे घ्या. टाळायच्या फाइलींची नावे ‘डॉट गिटइग्नोर’मध्ये आधीच लिहून ठेवा.

सगळे एका दिवसात करायची गरज नाही. येत्या रविवारी फक्त कीबोर्डची आणि शब्दसंग्रहाची फाइल घ्या. बाकीच्या फाइली जसजशा हाताशी येतील तसतशा जोडत जा.