फवाऱ्याची किंमत कोण मोजतो?

गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीला मधमाश्यांचे पोळे लागले, की पुढचा क्रम ठरलेला असतो. कार्यकारिणी तातडीने बसते, कीटकनाशक फवारणाऱ्याला बोलावले जाते, खिडक्या बंद ठेवण्याची सूचना फलकावर लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात मेलेल्या माश्यांचा खच पडलेला दिसतो. खर्च थोडा, परिणाम तात्काळ. तेव्हा या व्यवहारात कोणाचे काही बिघडले असे कोणालाच वाटत नाही. वस्तुतः हिशेबाची चूक होते ती येथेच.

भीती निराधार आहे असे नव्हे. आग्यामाश्यांचे मोहोळ उठले तर प्राणावर बेतू शकते. मधमाशीची नांगी माणसाच्या कातडीत अडकून राहते आणि तिच्याबरोबर सुटणारा गंध इतर माश्यांना हल्ल्यासाठी पाचारण करतो. गांधीलमाशीची नांगी अशी अडकत नसल्याने ती पुनःपुन्हा डंख करू शकते. ज्याच्या शरीराला हे विष मुळीच सोसत नाही, त्याला एक डंखही घातक ठरतो. श्वास कोंडू लागला वा चेहरा सुजला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे. तेव्हा या कीटकांना घरापासून दूर ठेवावे की नाही, हा वादाचा विषय नाही. ते कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या खर्चाने, हा खरा प्रश्न आहे.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९५२ साली मधपाळ आणि सफरचंदाचा बागाइतदार यांचे उदाहरण घेऊन दाखविले होते, की एकाच्या उद्योगाचा लाभ दुसऱ्याला आपोआप मिळतो आणि बाजार त्याची किंमत आकारीत नाही. पुढे १९७३ साली स्टीव्हन चेउंग यांनी, अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात अशा सेवेसाठी बागाइतदार व मधपाळ यांच्यात रीतसर करार होतात, हे निदर्शनास आणले. परंतु करार व्हायला मधपेटी कोणाच्या तरी मालकीची असावी लागते. छज्जाखालच्या पोळ्याला मालक नाही. म्हणून त्याच्या वतीने बोलणाराही कोणी नाही. परसातल्या काकडीला, कारल्याला, तांबड्या भोपळ्याला फळ धरते ते परागण करणाऱ्या कीटकांमुळे. गांधीलमाशी आपल्या अळ्यांना खाऊ घालण्यासाठी पिकावरच्या सुरवंटांची शिकार करते. ही सारी मिळकत कोणाच्याच वहीत जमा होत नाही.

जमेप्रमाणेच खर्चाचेही आहे. घरगुती फवाऱ्यांत सर्रास वापरली जाणारी कृत्रिम पायरेथ्रॉइड द्रव्ये मधमाश्यांप्रमाणेच माशांनाही अतिशय विषारी असतात, आणि धुतलेल्या फरशीचे पाणी शेवटी ओढ्यानाल्यांतच जाते. फवारणारा मजूर पुष्कळदा तोंडाला साधा रुमाल बांधून काम करतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेतातले आणि इमारतीतले प्रमाण वेगळे असेल. विष हाताळणाऱ्याची असहायता मात्र तीच आहे.

याउलट प्रतिबंधाला पैशापेक्षा लक्ष अधिक लागते. एक-दोन गांधीलमाश्या चार-दोन कोष्ठांनी घरट्यास आरंभ करतात. आठवड्यातून एकदा छज्जे, खिडक्यांच्या वरच्या कडा आणि मीटरच्या पेट्या पाहिल्या, तर माश्या दूर गेल्या असताना हे घरटे लांब काठीने पाडता येते. सातेरी मधमाशी अंधाऱ्या पोकळीत वस्ती करते; रिकामी भोके आधीच बुजवावीत आणि झरोक्यांना बारीक जाळी लावावी. पिकलेली फळे, गुळाची ढेप, उघडा केर यांवर झाकण हवे. गळके नळ दुरुस्त हवेत. मोहोळ जवळपास असेल तर रात्री प्रखर दिवे मालवावेत, कारण आग्यामाश्या त्यांकडे ओढल्या जातात. दगड मारणे, टेंभा पेटविणे हे उद्योग कटाक्षाने टाळावेत. शीत देशांतील ग्रंथांत ‘थांबा, हिवाळ्यात घरटे आपोआप रिकामे होईल’ असा सल्ला असतो. आपल्या हवामानात गांधीलमाश्यांच्या काही जातींची घरटी वर्षभर नांदती राहतात, म्हणून आरंभीची दक्षता येथे अधिक मोलाची.

वाढलेले पोळे शाळेच्या दाराशी वा जिन्याच्या तोंडाशी असेल, तर ते हटवावेच लागेल. मात्र ते काम जाणकाराचे आहे. सातेरीची वसाहत कुशल मधपाळ पेटीत हलवू शकतो. आग्यामाशी पेटीत राहत नाही, तिचे मोहोळ हाताळणे तर अनुभवी माणसाचेच काम. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर परिसरात मधपाळांची परंपरा आहे. माहीतगार माणसे अगदीच दुर्मिळ नाहीत. त्यांना बोलाविण्याची सवय तेवढी नाही.

प्रत्येक संस्थेने वार्षिक सभेत एक छोटा ठराव करावा: पावसाळ्याच्या आधी व नंतर इमारतीची पाहणी, भोकांची डागडुजी, आणि जाणकार मधपाळाचा पत्ता दप्तरी. उंचावर, कोणाच्या वाटेत न येणारे पोळे तसेच राहू द्यावे. फवारा हा अखेरचा उपाय असावा, पहिला नव्हे. शेजाऱ्याच्या, मजुराच्या आणि शेतकऱ्याच्या माथी खर्च मारून मिळविलेली स्वस्ताई ही काटकसर नव्हे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजते. सुशिक्षितांच्या वसाहतींनी ते आचरणात आणावे, एवढीच अपेक्षा आहे.