पाम बीच रस्त्यावरील स्ट्रीट रेस : स्वयंसेवक मार्शल व अधिकाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
स्पर्धेचे आयोजक, नवी मुंबई महानगरपालिका, महाराष्ट्र शासनाचे गृह व क्रीडा विभाग आणि मोटार क्रीडा महासंघ

विषय : मार्शलांची सुरक्षितता, प्रशिक्षण व सोयी यांचा समावेश शर्यतीच्या परवानगीच्या अटींत करण्याबाबत

महोदय,

नवी मुंबईतील पाम बीच रस्ता आणि नेरूळच्या तलावाभोवती 3.753 किलोमीटर लांबीचा, 14 वळणांचा तात्पुरता ट्रॅक आखून मोटार शर्यत घेण्याची घोषणा 2025 मध्ये झाली. त्या बातमीने आम्हाला मनापासून आनंद झाला. आम्ही अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर इथे राहणारे मार्शल, टाइमकीपर आणि स्क्रुटिनीअर (गाड्यांची तांत्रिक तपासणी करणारे) आहोत. मुंबईला स्वतःचा ट्रॅक नाही. त्यामुळे झेंडा हातात धरायचा तर आजवर कोइमतूर, चेन्नई नाहीतर ग्रेटर नोएडा गाठावे लागले, तेही रजा टाकून आणि स्वतःच्या खर्चाने. आता शर्यत ऐरोली पुलापलीकडे येत आहे. ती व्हावी आणि दरवर्षी व्हावी, ही आमची इच्छा आहे. म्हणूनच रस्त्यावर काँक्रीटचे ठोकळे लागण्यापूर्वी हे मागणीपत्र देत आहोत.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 189 नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत घेण्यास राज्य शासनाची लेखी संमती लागते. संमती लेखी असते म्हणजे अटीही लेखी घालता येतात. रस्त्याचे डांबर पूर्ववत करून देणे, ध्वनिमर्यादा पाळणे, वाहतूक वळवणे या अटी घातल्या जातीलच. त्याच कागदावर ट्रॅकलगत उभ्या राहणाऱ्या माणसाचेही नाव यावे, हा या पत्राचा गाभा आहे. आयोजकांनी तोंडी दिलेला शब्द शर्यतीच्या आठवड्यातल्या धावपळीत मागे पडतो. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

मार्शल नेमके काय करतो, ते इथे थोडे सविस्तर मांडतो, कारण बाकीच्या मागण्या त्यातूनच निघतात. ट्रॅकलगतच्या एका पोस्टवर, म्हणजे चौकीवर, दोन झेंडेवाले समोरासमोर उभे असतात. निळा झेंडा धरणारा येणाऱ्या गाड्यांकडे पाहतो. पिवळा धरणाऱ्याचे लक्ष पुढच्या वळणावर असते आणि त्याची पाठ येणाऱ्या गाड्यांकडे असते. मागून घसरत काही आले तर ते त्याला दिसणार नाही, ते त्याचा जोडीदार पाहून शिट्टी मारील. जीव असा दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपवलेला असतो. म्हणून तो दुसरा माणूस शिकलेला, जेवलेला आणि जागा असलाच पाहिजे.

पहिली मागणी पोस्टच्या जागेची आहे. 4 मार्च 2001 रोजी मेलबर्नच्या फॉर्म्युला वन शर्यतीत ग्रॅहॅम बेव्हरिज हे स्वयंसेवक मार्शल मरण पावले. दोन गाड्यांची टक्कर झाली आणि निखळलेले चाक सुरक्षा जाळीत ठेवलेल्या फटीतून त्यांच्यावर येऊन आदळले. त्याच्या सहाच महिने आधी मोंझात पाओलो जिस्लिम्बर्ती यांचा बळीही उडालेल्या चाकानेच घेतला होता. शहरी ट्रॅकवर भिंत आणि माणूस यांच्यात हातभराचेच अंतर उरते, त्यामुळे जाळीतली प्रत्येक फट कुठे, किती रुंद आणि कोणत्या कोनात ठेवायची, हा आमच्या दृष्टीने जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. पोस्टची अंतिम आखणी होण्यापूर्वी आमच्या अनुभवी पोस्टप्रमुखांना ट्रॅकवर नेऊन त्यांचे म्हणणे नोंदवावे. दोन पोस्टमधले अंतर 500 मीटरपेक्षा जास्त असू नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्या हिशेबाने इथे आठ पोस्ट पुरतील, असे कोणी म्हणेल. पण एका पोस्टवरून पुढची पोस्ट दिसलीही पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या 14 वळणांच्या रस्त्यावर आठ पोस्टवरून ते होणार नाही. शर्यतीचा कोणताही भाग प्रकाशझोतात होणार असेल, तर पोस्टवरही उजेड द्यावा. अंधारात उभ्या माणसाचा झेंडा चालकाला दिसत नाही.

याच संदर्भात ट्रॅकवरचे जाहिरात-पूल, दिव्यांचे मनोरे आणि प्रेक्षकांचे तात्पुरते सज्जे यांचाही विचार व्हावा. 13 मे 2024 च्या वादळात घाटकोपरच्या छेडानगरात महाकाय फलक कोसळून 17 जण गेले. आमच्यापैकी काहींची घरे तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. ज्या सांगाड्याखाली किंवा शेजारी मार्शल उभा राहणार, त्या प्रत्येकाचे संरचना स्थैर्य प्रमाणपत्र शर्यतीपूर्वी आम्हाला दाखवावे. किती वेगाच्या वाऱ्याला शर्यत थांबवायची, तो आकडाही आधीच ठरवावा.

दुसरी मागणी बंदोबस्ताची. नोव्हेंबर 2023 मध्ये हैदराबादच्या स्ट्रीट रेसच्या वेळी खाजगी गाड्या थेट ट्रॅकवर घुसल्या आणि तिथली फेरीच रद्द करावी लागली. रहिवाशाचा राग समजण्यासारखा असतो. त्याला दवाखान्यात जायचे असते, मुलाला क्लासहून आणायचे असते आणि त्याच्या सोसायटीचे फाटक कधी उघडणार, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो राग मात्र बॅरिकेडजवळ जो दिसेल त्याच्यावर निघतो. नेरूळ आणि सीवूड्सच्या सोसायट्यांना फाटकनिहाय वेळापत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आठवडाभर आधी मिळावे. बाहेरची बॅरिकेड पोलिसांनी सांभाळावीत. मार्शलला ट्रॅकच्या आत काम आहे, त्याला फाटकावर हुज्जत घालायला उभे करू नये. भटक्या कुत्र्यांबाबतही तेच. 2011 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर कुत्रा शिरल्याने फॉर्म्युला वनचा सराव थांबवावा लागला होता. महापालिकेचे भटकी कुत्री पकडणारे पथक शर्यतीचे सर्व दिवस हजर हवे.

तिसरी मागणी विम्याची आणि उपचारांची. प्रत्येक स्वयंसेवकाचा वैयक्तिक अपघात विमा असावा. पॉलिसीची प्रत प्रशिक्षणाच्या दिवशीच हातात मिळावी, आणि त्यात ट्रॅक उभारण्याचे व मोडण्याचे दिवसही धरलेले असावेत. मॉन्ट्रियलला 9 जून 2013 रोजी मार्क रॉबिन्सन हे मार्शल गेले ते शर्यत संपल्यानंतर, बंद पडलेली गाडी उचलून नेणाऱ्या वाहनाखाली सापडून. चेकर्ड झेंडा पडला की प्रेक्षक सुटतात, आमचे काम चालूच असते, तेही दिवसभराच्या थकव्यानिशी. उचल वाहन हलत असताना त्याच्यापुढे चालणारा एक प्रशिक्षित माणूस सक्तीचा करावा. जखमी मार्शलला जवळच्या रुग्णालयात पैसे न भरता दाखल करून घेण्याचा करारही लेखी हवा.

कामाचे तास हा त्याच्याशी जोडलेला प्रश्न आहे. ट्रॅक एकदा बंद झाला की पोस्ट सोडता येत नाही. सकाळच्या सरावाला उभी राहिलेली मुलगी दुपार टळेपर्यंत स्वच्छतागृहाविना आहे, असे आम्ही पाहिले आहे, आणि त्यापायी चांगल्या मार्शल मुलींनी हे काम सोडलेलेही पाहिले आहे. पोस्टपासून सुरक्षित मार्गाने पोहोचता येईल असे स्वच्छतागृह, सावली, पाणी आणि वेळेवर जेवण द्या. राखीव तुकडी ठेवून पाळ्या लावा.

आम्ही मानधन मागत नाही. हे काम आवडीने करतो आणि तसेच करत राहू. पण बोरीवलीहून नेरूळ गाठायचे तर अंधेरीला उतरून मेट्रोने घाटकोपर, तिथून कुर्ला, मग हार्बरची पनवेल गाडी, आणि रविवारी मेगाब्लॉक. पहाटे हजेरी आणि रात्री उशिरा सुट्टी असेल तर अंधेरी, बोरीवली, मुलुंड आणि घाटकोपर स्थानकांपासून बसची सोय हवी. आग सोसणारा ओव्हरऑल, हातमोजे, बूट आणि कानाचे संरक्षण आयोजकांनी मापानुसार द्यावे.

शेवटची मागणी प्रशिक्षणाची. मार्शल दरवेळी बाहेरगावाहून आणणे खर्चिक आहे आणि इथे काही मागे उरत नाही. विद्याविहारच्या सोमय्या आणि विलेपार्ल्याच्या संघवी अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले ‘फॉर्म्युला स्टुडंट’ या विद्यार्थी स्पर्धेसाठी स्वतः गाड्या बांधतात. त्यांच्याइतके चांगले भावी स्क्रुटिनीअर कुठे मिळतील? महापालिकेने उपनगरातली मैदाने द्यावीत, महासंघाने प्रशिक्षक द्यावेत. आग विझवणे, चालकाला गाडीतून बाहेर काढणे, झेंडे आणि वॉकी-टॉकीवरची भाषा यांचा प्रत्यक्ष सराव किमान दोन शनिवार-रविवार मराठीतून व्हावा. सराव न केलेल्याला पोस्टवर उभे करू नये. नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना शुक्रवारच्या सरावासाठी शासनाच्या सहीचे उपस्थितीपत्र मिळावे.

या मागण्यांवर आयोजक, महापालिका, पोलीस आणि महासंघ यांची आमच्यासोबत एकत्र बैठक घ्यावी व तिची तारीख पंधरा दिवसांत कळवावी. आमचे प्रतिनिधी पोस्टच्या जागांचा कच्चा नकाशा घेऊन येतील. विमा, जाळी आणि प्रशिक्षण या तीन बाबी संमतीपत्रात आल्याशिवाय आमच्यापैकी कोणीही हजेरीपटावर सही करणार नाही, असा निर्णय आमच्या सभेत एकमताने झाला आहे.

आपले,
अंधेरी, बोरीवली, मुलुंड व घाटकोपर येथील स्वयंसेवक मार्शल आणि शर्यत अधिकारी