न उघडलेली पेटी टिकते, न उघडलेला मेल जातो

आपल्या बहुतेक घरांत एक लोखंडी पेटी असते. निकाहनामा, खरेदीखत, मुलांचे दाखले, परदेशातून आलेली जुनी पत्रे, सगळे तिच्यात. दहा-दहा वर्षे ती कुणी उघडत नाही, तरी कागद जागेवर असतात. वाळवी आणि ओल सांभाळली की झाले. पेशवाईतले कागद कापडी रुमालांत बांधून ठेवले गेले, म्हणून पुण्याच्या पेशवे दप्तरात ते आजही वाचायला मिळतात.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र घरचा कागद पेटीतून निघून मेलमध्ये गेला. आखातातल्या नोकरीचा करार, पगाराच्या स्लिपा, व्हिसा, विम्याची पॉलिसी, बँकेची पत्रे, फीच्या पावत्या. पेटी विसरली तरी चालते, मेल विसरून चालत नाही. गुगलने मे २०२३ मध्ये नियम जाहीर केला: एखादे वैयक्तिक खाते सलग दोन वर्षे वापरलेच नाही, तर ते आतल्या मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते. डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे.

या महिन्यात हा विषय घेण्याचे कारण फलटणच्या एका भगिनीचे पत्र. त्यांच्या अब्बांचा इंतकाल होऊन सव्वा वर्ष झाले. अब्बांची नोकरीची सगळी वर्षे सौदीत गेली. त्यांचा मेल घरच्या जुन्या लॅपटॉपवर अजून उघडतो, पण ‘जागा संपली’ असा इशारा येतो. भाईजान पुण्यात, चुलतभाऊ रियाधला. सगळ्यांना प्रत हवी आहे, कारण जुन्या कंपनीच्या हिशेबाचे आणि जमिनीच्या व्यवहाराचे कागद त्यातच आहेत. भगिनी विचारतात, एवढी मोठी फाईल काढायची कशी आणि पाठवायची कशी?

आमचे पहिले सांगणे फाईलबद्दल नाही, सिमकार्डबद्दल आहे. लॅपटॉप बदलला किंवा नव्याने लॉग-इन करावे लागले, तर ओटीपी अब्बांच्याच नंबरवर जाईल. प्रीपेड सिम ९० दिवस वापरले नाही, तर ते बंद होऊ शकते आणि पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. म्हणून काम पुरे होईपर्यंत ते सिम रिचार्ज करून चालू ठेवा. लॅपटॉपवरून लॉग-आउट करू नका. खाते बंदच झाले असेल, तर मयत व्यक्तीच्या खात्यातील माहिती मागण्यासाठी गुगलचा अर्ज आहे. मृत्यूचा दाखला लागतो. पासवर्ड ते देत नाहीत, आणि माहिती द्यायची की नाही हे तेच ठरवतात.

दुसरे सांगणे: जागा करण्यासाठी आत्ताच काही पुसू नका. मोफत खात्याला १५ जीबी जागा मिळते, पण ती एकट्या मेलची नाही. मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत ती वाटलेली आहे. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटोही त्यात मोजले जातात. बऱ्याचदा जागा फोटो-व्हिडिओंनी खाल्लेली असते आणि लोक पुसतात मात्र मेल. आधी प्रत, मग तपासणी, आणि पुसणे सगळ्यांत शेवटी.

आता प्रत काढणे. त्यासाठी गुगलची ‘टेकआउट’ ही मोफत सोय आहे. तिथे सगळ्या खुणा काढून फक्त ‘मेल’वर खूण करा. खात्यात लेबले लावलेली असतील, तर हवी तेवढीच लेबले निवडता येतात. पुढे तुकड्याचा आकार विचारतात. १ किंवा २ जीबी निवडा. ५० जीबीचा एकच तुकडा मागितला आणि मधेच लाईट गेली, तर पुन्हा श्रीगणेशा. प्रत कुठे द्यायची या प्रश्नाला ‘डाउनलोडची लिंक मेलने’ हे उत्तर द्या. ‘ड्राइव्हमध्ये ठेवा’ निवडले, तर आधीच भरलेल्या जागेत ती मावणार नाही. खात्याची जागा संपल्यावर नवा मेल आत येत नाही, म्हणून लिंकचा मेल येण्यापुरता आधी ड्राइव्हमधला एखादा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर उतरवून जागा मोकळी करून घ्या. लिंक तयार व्हायला काही तास, कधी काही दिवस लागतात. ती साधारण आठवडाभरच चालते. त्यामुळे लग्नसराईत किंवा रमजानच्या शेवटच्या दिवसांत हे काम काढू नका.

किती वेळ लागेल? नेटचा वेग बिटमध्ये सांगतात, फाईल बाइटमध्ये मोजतात, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट. ‘२० एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. १२ जीबीला सुमारे एक तास वीस मिनिटे. मोबाइलच्या नेटवर संध्याकाळी वेग ४ एमबीपीएसवर आला, तर त्याच फाईलला सहा तास चाळीस मिनिटे. रात्री किंवा पहाटे लावणे बरे.

काही जण मेल एका खात्यातून दुसऱ्यात थेट ओढतात. छोट्या खात्याला ते चालते. मोठ्या खात्यात गुगलची रोजची मर्यादा आडवी येते: या मार्गाने दिवसाला २,५०० एमबी उतरवता येतात आणि ५०० एमबीच चढवता येतात. म्हणजे १५ जीबी उतरवायला सहा दिवस, नव्या खात्यात चढवायला महिना. मधेच खाते काही काळ अडवले गेले, तर घाबरू नका, मर्यादा ओलांडली एवढाच त्याचा अर्थ.

पेनड्राइव्हवर घेताना आणखी एक अडचण येते. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, फाईल ६ जीबीची, तरी संगणक म्हणतो ‘फाईल फार मोठी आहे’. दुकानदार पेनड्राइव्ह खराब म्हणून बदलून देतो आणि नव्यावरही तेच होते. कारण आत ‘फॅट३२’ ही जुनी मांडणी असते आणि तिच्यात ४ जीबीहून मोठी एक फाईल बसत नाही. पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केला की काम होते. फॉरमॅटने आतले सगळे पुसले जाते, तेव्हा आधीचे फोटो काढून ठेवा.

पुण्याच्या भाईजानला पेनड्राइव्ह एसटीने हाती पाठवणे सर्वांत सोपे. रियाधला नेटवरूनच जावे लागेल. मेलला जोडून २५ एमबीपेक्षा मोठे काही जात नाही, व्हॉट्सअॅपवर एक फाईल २ जीबीपर्यंत. त्यापेक्षा नव्या खात्याच्या ड्राइव्हमध्ये तुकडे चढवा आणि ते फक्त चुलतभावाच्या मेलपत्त्याला उघडे करा. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय नको. त्यात पासपोर्ट आहेत, बँकेचे आकडे आहेत. पेनड्राइव्ह पाठवतानाही फाईल ‘सेव्हन-झिप’ने पासवर्ड घालून बांधा आणि पासवर्ड वेगळा, फोनवर सांगा.

प्रत पोहोचली म्हणजे काम झाले नाही, ती उघडली म्हणजे झाले. आधी दोन्हीकडच्या फाईलचा आकार शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. सेव्हन-झिपमधल्या ‘टेस्ट’ने तुकडा धड आहे का ते कळते. आत ‘एमबॉक्स’ नावाची फाईल निघेल. ती दुहेरी क्लिकने उघडत नाही. ‘थंडरबर्ड’ या मोफत प्रोग्रॅममध्ये आयात करावी लागते. मग सर्वांत जुना मेल, मधल्या वर्षांतला एक आणि शेवटचा, असे तीन मेल जोडपत्रांसह उघडून पाहा. हे भाईजानने पुण्यात आणि चुलतभावाने रियाधला आपापल्या संगणकावर करावे.

शाळा, ट्रस्ट किंवा दुकानाचा मेल ‘आउटलुक’वर असेल, तर तो ‘पीएसटी’ फाईलमध्ये असू शकतो. जुन्या पद्धतीच्या पीएसटीची मर्यादा २ जीबी होती. त्या काठाला आलेली फाईल बिघडते. आउटलुक पूर्ण बंद केल्याशिवाय तिची प्रत घेऊ नका.

दुसऱ्याचा मेल ही अमानत आहे. अब्बांच्या मेलमध्ये त्यांच्या मित्रांच्या अडचणी असतील, कुणाच्या उसनवारीचा उल्लेख असेल. सर्व वारसांच्या संमतीने, एकाने बसून, हक्काचे आणि हिशेबाचे कागद वेगळे काढावेत. कुणाचे देणे त्यात दिसले, तर तेही लपवू नये. बाकीचे चाळत बसू नये.

हयात असलेल्यांसाठी हे सगळे फार सोपे आहे. गुगलच्या खात्यात २०१३ पासून ‘इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खाते ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरात नसेल, तर आपण नेमलेल्या माणसांना, दहापर्यंत, आपण ठरवू तेवढी माहिती मिळते. अम्मी-अब्बांशेजारी बसून, त्यांना विचारून, दहा मिनिटांत हे भरता येते. येत्या जुम्याला मुले घरी असतील, तेव्हा भरून टाका.